शाळेऐवजी ऑनलाइन? नववी ते बारावीच्या पालकांचे नेहमीचे प्रश्न

मुक्त विद्यालयातून दहावी-बारावी करणाऱ्या मुलांना शिकवताना पालकांकडून जे प्रश्न फिरून फिरून येतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं महाराष्ट्रातल्या कुटुंबांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. फी, तारखा आणि बारीकसारीक नियम दरवर्षी थोडे सरकतात. अर्ज भरण्याआधी त्या वर्षीची माहितीपुस्तिका उघडून बघाच. कंटाळवाणी असते, पण बघा.

ऑनलाइन शाळा म्हणजे नेमकं काय? तिला मान्यता असते का?

सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. जाहिरातीत जिला ऑनलाइन शाळा म्हणतात, ती बहुतेक वेळा शिकवणारी खासगी कंपनी असते. ती वर्ग घेते, रेकॉर्डिंग देते, गृहपाठ तपासते, पालकसभाही भरवते. दहावीची गुणपत्रिका मात्र ती देऊ शकत नाही, कारण ते काम मंडळाचं. शाळेला संलग्नता देताना आपल्याकडची मंडळं जागा, इमारत, प्रयोगशाळा, मैदान असं सगळं बघतात. निव्वळ स्क्रीनवर चालणारी खासगी शाळा त्यात बसत नाही. त्यामुळे अशा शाळेतल्या मुलाचं नाव शेवटी दुसरीकडेच नोंदवलेलं असतं: एनआयओएस या राष्ट्रीय मुक्त विद्यालयात, केंब्रिज या ब्रिटिश मंडळाचा खासगी परीक्षार्थी म्हणून, नाहीतर बाहेरून परीक्षा देण्यासाठीचा राज्य मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्म भरून.

म्हणून फोनवर सगळ्यात आधी विचारायचं ते असं: "मुलाच्या गुणपत्रिकेवर वर कोणाचं नाव छापलेलं असेल?" ज्यांच्याकडे सरळ उत्तर असतं ते एका वाक्यात देतात. "आमचा अभ्यासक्रम आंतरराष्ट्रीय दर्जाचा आहे" असं ऐकू आलं, तर प्रश्न पुन्हा विचारा. दुसऱ्यांदाही तेच आलं, तर फोन ठेवा.

अमेरिकेत माझ्या बहिणीची मुलगी सरकारी ऑनलाइन शाळेतच शिकते. मग आपल्याकडे तसं का नाही?

तिकडे ऑनलाइन शाळा ही खरोखरच शाळा असू शकते. फ्लोरिडा व्हर्च्युअल स्कूल १९९७ पासून चालू आहे. ती राज्याच्या पैशावर चालते आणि तिथून हायस्कूलचा डिप्लोमाही मिळतो. शिक्षक, हजेरी, गुण, प्रमाणपत्र सगळं एकाच छताखाली, छप्पर नसलं तरी. आपल्याकडे शिकवणं एकाचं आणि प्रमाणपत्र दुसऱ्याचं, अशी फाळणी आहे. सरकारी पातळीवर प्रयत्न झाले: एनआयओएसनं २०२१ मध्ये आपलं आभासी मुक्त विद्यालय सुरू केलं, आणि दिल्ली सरकारनं ऑगस्ट २०२२ मध्ये नववीपासून देशभरातल्या मुलांना खुली असलेली आभासी शाळा काढली. तरी आज महाराष्ट्रातलं घर ऑनलाइन शिक्षणाकडे वळतं, तेव्हा मंडळ म्हणून बहुतेक वेळा निवडलं जातं ते एनआयओएसच.

अमेरिकी डिप्लोमा इथे घरबसल्या मिळवून देतो म्हणणाऱ्या संस्थाही भेटतील. पैसे भरण्याआधी त्या डिप्लोमाला भारतात बारावीची समकक्षता मिळते का, हे भारतीय विश्वविद्यालय संघाकडून लेखी विचारून घ्या. संस्थेच्या माणसानं व्हॉट्सअॅपवर दिलेलं उत्तर धरू नका.

एनआयओएस नक्की कोणाचं? खासगी आहे का?

केंद्र सरकारच्या शिक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतली ही स्वायत्त संस्था आहे. सीबीएसईच्या छताखाली १९७९ मध्ये एक प्रकल्प म्हणून सुरुवात झाली, १९८९ मध्ये राष्ट्रीय मुक्त विद्यालय झालं आणि २००२ मध्ये आजचं नाव आलं. मुख्यालय नोएडात, विभागीय केंद्र पुण्यात. दहावीसाठी किमान वय १४, बारावीसाठी १५, वरची मर्यादा नाही. चौदा वर्षांची मुलगी आणि चाळिशीतला रिक्षाचालक एकाच परीक्षा हॉलमध्ये पुढे-मागे बसलेले दिसतात, ते त्यामुळेच. काही पालकांना ते खटकतं. मला उलट ती या व्यवस्थेची सगळ्यात चांगली बाजू वाटते.

मुलाला शाळेतून काढणं बेकायदा तर नाही ना?

शिक्षणहक्क कायदा ६ ते १४ वयोगटासाठी आहे आणि तो २०१० पासून लागू आहे. त्यात घरी शिकवण्याला ना स्पष्ट परवानगी आहे, ना पालकांना शिक्षा. नववीच्या पुढची बहुतेक मुलं या वयोगटाच्या बाहेरच जातात. एनआयओएस तर सरकारचंच. तेव्हा पोलीस दारात येतील ही भीती काढून टाका. शेजारच्या काकू येतील, त्याची तयारी ठेवा.

सतरा नंबर आणि एनआयओएस, यात फरक काय?

सतरा नंबरचा फॉर्म म्हणजे राज्य मंडळाची तीच दहावी-बारावी, पण बाहेरून. अभ्यासक्रम तोच, बालभारतीची पुस्तकं तीच, प्रश्नपत्रिका तीच, फेब्रुवारी-मार्चची परीक्षाही तीच. मंडळ एक शाळा संपर्क केंद्र म्हणून देतं आणि अंतर्गत गुण, प्रात्यक्षिकं तिथून होतात. मूल मराठी माध्यमातलं असेल, नववीपर्यंत राज्य मंडळात शिकलं असेल आणि शाळेत रोज जाणं तेवढं नको असेल, तर मी आधी सतरा नंबरच सुचवते. पुढच्या प्रवेशात कोणी भुवया उंचावत नाही.

एनआयओएसमध्ये मोकळीक जास्त. किमान पाच विषय लागतात आणि त्यात निदान एक भाषा हवी. बाकी गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्र यांच्या जोडीला चित्रकला, मानसशास्त्र, गृहविज्ञान, डेटा एंट्री, भारतीय संस्कृती आणि वारसा असे विषय मिळतात. परीक्षा वर्षातून दोनदा होते, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. सगळे विषय एकदम द्यायची सक्ती नाही. नोंदणी पाच वर्षं चालते आणि तेवढ्या काळात परीक्षेच्या नऊ संधी मिळतात. दोन विषय आत्ता, तीन पुढच्या वेळी, असं चालतं. सकाळ-संध्याकाळ सराव करणाऱ्या खेळाडूला किंवा दीर्घ आजारातून उठलेल्या मुलाला ही सोय फार मोलाची आहे. धडधाकट आणि आळशी मुलाला हीच सोय बुडवते.

मागे पडलेल्या किंवा शाळा लवकर सुटलेल्या मुलांसाठी राज्याचंही मुक्त विद्यालय मंडळ आहे, पाचवी आणि आठवीच्या समकक्ष परीक्षांसाठी.

परीक्षा तरी घरून ऑनलाइन देता येते ना?

नाही. शिकणं ऑनलाइन, परीक्षा पेन-कागदावर, ठरलेल्या केंद्रावर, हॉल तिकीट घेऊन. प्रात्यक्षिकंही केंद्रावरच होतात. वर्षभर टाइप करणाऱ्या मुलाला तीन तास सलग लिहिता येत नाही. पंचेचाळीस मिनिटांत हात दुखायला लागतो, अक्षर वाकडं होतं, शेवटचे दोन प्रश्न राहतात. उत्तरं येत असतात, फक्त कागदावर उतरत नाहीत. रोज किमान एक पान हातानं लिहिण्याची सवय जूनपासूनच लावा, परीक्षेच्या आदल्या महिन्यात नव्हे.

एनआयओएसमध्ये स्वाध्याय असतात. मुलं त्यांना टीएमए म्हणतात. त्यांना २० टक्के वजन आहे. हे हातानं लिहून, स्कॅन करून अपलोड करायचे असतात. आणि एक गोष्ट पालकांच्या हमखास नजरेतून सुटते: प्रवेशाचा अर्ज वेगळा आणि परीक्षेचा अर्ज वेगळा. "प्रवेश झालाय, आता परीक्षेलाच बसायचं" असं समजून निवांत राहिलेली घरं मी पाहिली आहेत. परीक्षेच्या अर्जाची मुदत संपल्यावर फोन येतात, आणि मग पुढच्या सत्राची वाट बघण्यापलीकडे हातात काही राहत नाही.

एनआयओएस सोपं असतं म्हणे?

पुस्तकं वाचायला सोपी आहेत, उत्तीर्ण व्हायला ३३ टक्के लागतात, हे खरं. राज्य मंडळाचा दहावीचा निकाल २०२५ मध्ये ९४ टक्क्यांच्या वर लागला. एनआयओएसचा निकाल त्याच्या आसपासही नसतो. पेपर अवघड असतो म्हणून नाही. शाळेत घंटा वाजते, सहामाही होते, बाई वही मागतात, शेजारच्या बाकावरच्या मैत्रिणीनं प्रकरण संपवलेलं दिसतं. घरी यातलं काहीच नसतं. हे सगळं कोणीतरी मुद्दाम उभं करावं लागतं. ते कोण करणार, हे ठरलं नसेल तर सोप्या पेपरचाही उपयोग नाही.

गणित सोडता येतं हे खरं का? आमच्या मुलाला गणित अजिबात झेपत नाही.

खरं आहे, एनआयओएसमध्ये गणित सक्तीचं नाही. पण हा निर्णय पंधराव्या वर्षी, एका वाईट सहामाहीनंतर घेऊ नका. गणित-विज्ञानाशिवाय दहावी झाली की अकरावी विज्ञान आणि पॉलिटेक्निकच्या वाटा जवळजवळ बंद होतात. कला शाखा, हॉटेल मॅनेजमेंट, डिझाइन, वाणिज्यची बरीच क्षेत्रं उघडी राहतात. मुलाचा कल खरंच तिकडे असेल, तर बिनधास्त सोडा. कल माहीत नसेल तर गणित ठेवा आणि त्या एका विषयाला दोन सत्रं द्या. विषय तोडून देण्याची सोय आहे ती यासाठीच.

अध्ययन अक्षमता आहे. शाळा म्हणते, एनआयओएसला घाला.

शाळेनं सांगितलं म्हणून लगेच हलू नका. राज्य मंडळातही अशा मुलांना सवलती आहेत: जादा वेळ, लेखनिक, काही विषयांना पर्याय. गणिताऐवजी खालच्या इयत्तेचं अंकगणित आणि जोडीला कार्यानुभवाचा विषय, अशीही सोय आहे. त्यासाठी अधिकृत रुग्णालयाचं प्रमाणपत्र लागतं. मुंबईत सायन आणि नायरमध्ये ही तपासणी होते. वेळ मिळायला महिने लागतात, म्हणून आठवीतच नाव नोंदवून ठेवा. कधीकधी शाळेला मुलाचं भलं हवं असतं. कधीकधी शंभर टक्के निकालाचा फलक हवा असतो. हातात प्रमाणपत्र असलं की कुठल्या हेतूनं बोलतायत ते लवकर कळतं.

सवलती घेऊनही मूल रोज रडत घरी येत असेल, तर एनआयओएस जरूर बघा. तिथेही लेखनिक आणि जादा वेळ मिळतो, शिवाय विषय निवडीची मोकळीक आहेच.

जेईई, नीट, सीईटीला चालतं का?

जेईई मेनला एनआयओएसची बारावी किमान पाच विषयांसह चालते. आयआयटी आणि एनआयटीच्या प्रवेशाला बारावीत ७५ टक्के किंवा आपल्या मंडळातल्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये असण्याची अट आहे. ती या मुलांनाही लागू.

नीटचा इतिहास वेडावाकडा आहे. मेडिकल कौन्सिलच्या नियमात मुक्त विद्यालयाच्या मुलांना दार बंद होतं. २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं ती तरतूद रद्द केली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि २०२४ मध्ये तिथेही विषय मुलांच्या बाजूनं मिटला. आता मान्यताप्राप्त मुक्त मंडळातून बारावी केलेली मुलं नीट देऊ शकतात. जुन्या व्हिडिओंमध्ये अजून "नीट चालत नाही" असं सांगितलेलं सापडतं. व्हिडिओची तारीख बघत चला.

खरी मेख राज्याच्या कोट्यात आहे. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतल्या एमबीबीएसच्या ८५ टक्के जागा राज्यातल्या मुलांसाठी असतात. महाराष्ट्राच्या कोट्यात बसायला अधिवासाबरोबरच दहावी आणि बारावी महाराष्ट्रातून केलेली लागते. इंजिनिअरिंगच्या प्रवेशातही उमेदवारीचा प्रकार ठरताना दहावी-बारावी कुठून झाली हे बघितलं जातं. एनआयओएसचा अर्ज भरताना अभ्यासकेंद्र निवडायचं असतं. काही दलाल "तिकडे सोपं जातं" म्हणून मुलाला दुसऱ्याच राज्यातल्या केंद्रावर नोंदवतात. मूल राहतं सांगलीत आणि कागदावर शिकतं भलत्याच राज्यात. दोन वर्षांनी प्रवेशाच्या खिडकीवर हे बाहेर येतं, तेव्हा नीटचे गुण कितीही चांगले असोत, राज्याच्या यादीत नाव बसवताना नाकीनऊ येतात. अभ्यासकेंद्र महाराष्ट्रातलंच निवडा आणि पत्ताही इथलाच द्या.

मग "इंटिग्रेटेड" कॉलेज काय वाईट? तिथेही मुलं कॉलेजात जात नाहीतच.

नाव एका कॉलेजात, मूल दिवसभर क्लासमध्ये, असा हा प्रकार. २०१८ मध्ये राज्य सरकारनं मुंबई, पुणे, नाशिक, औरंगाबाद आणि नागपूर विभागांतल्या विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांना बायोमेट्रिक हजेरी लावायला सांगितली ती याचसाठी. सीबीएसईनंही अशा नावापुरत्या शाळांवर धाडी घालून काहींची संलग्नता काढली आहे. तपासणीत पकडली जाते शाळा, पण निस्तरावं लागतं मुलाला. एनआयओएसमध्ये निदान जे आहे ते उघड आहे. मूल कॉलेजात जात नाही, आणि तसं कोणी भासवतही नाही.

एनआयओएसच्या दहावीनंतर अकरावीला साध्या कॉलेजात प्रवेश मिळेल?

मिळतो. २०२५-२६ पासून अकरावीचा प्रवेश अख्ख्या राज्यात केंद्रीय ऑनलाइन पद्धतीनं होतो आणि त्यात इतर मंडळांच्या मुलांनाही अर्ज भरता येतो. अडचण वेळापत्रकाची आहे. राज्य मंडळाचा निकाल मे महिन्यात हातात असतो, एनआयओएसचा त्यानंतर लागतो. पहिल्या फेरीची धावपळ चालू असताना तुमच्याकडे गुणच नसतात. म्हणून अकरावीला कॉलेजच हवं असेल, तर आदल्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये परीक्षा उरकून गुणपत्रिका तयार ठेवणं शहाणपणाचं.

बारावीही एनआयओएसमधूनच करणार असाल, तर दहावी आणि बारावी उत्तीर्ण होण्यात दोन वर्षांचं अंतर लागतं. "एका वर्षात बारावी" ही जाहिरात दिसली की तिथे थांबायचं.

"खात्रीनं पास" सांगणारे लोक खरे असतात का?

ते खरे असतील तर अजूनच वाईट. अर्ज भरून द्यायला मदत करणारा माणूस आणि पेपर "बघून घेतो" म्हणणारा माणूस वेगळा. अर्ज तुम्ही स्वतः भरू शकता. एनआयओएसचं संकेतस्थळ फारसं देखणं नाही, पण चालतं. लॉगिनला मोबाइल नंबर आणि ईमेल तुमचाच द्या. दलालाचा नंबर दिलेला असला की ओटीपी त्याच्याकडे, हॉल तिकीट त्याच्याकडे, आणि तुम्ही दर वेळी पाचशे-हजार घेऊन त्याच्या दारात.

अनोळखी नावाच्या मंडळांपासूनही सावध. नावात "केंद्रीय", "राष्ट्रीय", "उच्च माध्यमिक" असं सगळं असलं म्हणून मंडळ खरं ठरत नाही. कोब्से या देशातल्या शालेय मंडळांच्या परिषदेच्या सदस्य यादीत ते आहे का हे तपासणं ही पहिली पायरी. मग ज्या कॉलेजात पुढे जायचंय, तिथल्या ऑफिसात विचारणं ही दुसरी.

खर्च किती येतो?

एनआयओएसची स्वतःची फी काही हजारांत भागते, परीक्षा फी विषयागणिक वेगळी. मुलींना आणि काही प्रवर्गांना सवलत आहे. पुस्तकं संकेतस्थळावर फुकट आहेत, बालभारतीचीही आहेत. केंब्रिजची परीक्षा फी एकेका विषयालाच हजारांत जाते. खासगी ऑनलाइन शाळेची फी हा निराळा खर्च, तो पंचवीस हजारांपासून कुठेही. तेवढ्या पैशात दोन चांगल्या शिकवण्या आणि एक लायब्ररी होते का, याचा हिशेब आधी करून बघा.

आम्ही दोघंही नोकरीला. मूल दिवसभर घरी काय करणार?

या एका प्रश्नावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते, कारण निभावतं किंवा फसतं ते इथेच. पहिला महिना मजेत जातो. मूल उशिरा उठतं, चेहरा हसरा असतो, घरात भांडणं कमी होतात आणि आईबाबांना वाटतं, जमलं. तिसऱ्या महिन्यात लॅपटॉपवर वर्ग चालू असतो, कॅमेरा बंद, आणि मांडीवरच्या फोनवर गेम. संध्याकाळी विचारलं की "झालं सगळं." काय झालं, ते कोणी बघितलेलं नसतं.

जिथे हे टिकलं, तिथली घरं वेगवेगळी आहेत, पण काही गोष्टी सारख्या दिसतात. दिवसातली एक वेळ घराबाहेर जाण्याची पक्की असते. एका घरात मुलगी सकाळी नऊला डबा घेऊन वस्तीतल्या अभ्यासिकेत जायची आणि एक वाजता परत. वडिलांनी तिथल्या काकांना फक्त एवढंच सांगितलं होतं की ती आली नाही तर फोन करा. आठवड्यातून एकदा लिहिलेलं कोणीतरी लाल पेननं तपासतं. आई-वडीलच हवेत असं नाही. निवृत्त आजोबा, शेजारच्या बाई, कॉलेजातली आत्येबहीण, कोणीही चालेल, पण तपासलं पाहिजे. आणि पालकांपैकी एकाकडे रोज संध्याकाळचा अर्धा तास असतो, ज्यात "झालं का?" असं न विचारता "दाखव" म्हटलं जातं.

यातलं काहीच जमणार नसेल, तर मूल शाळेतच बरं. मी असं स्पष्ट सांगते आणि काही पालक रागावतात.

मित्रमैत्रिणी? एकलकोंडं होईल का?

होऊ शकतं. मैदान, नाटकाचा ग्रुप, ढोलपथक, ट्रेक, पोहण्याचा तलाव, यांपैकी एक तरी ठिकाण असं हवं जिथे आठवड्यातून तीनदा त्याच वयाची तीच मुलं भेटतात. ऑनलाइन वर्गातल्या चौकटींना मित्र म्हणू नका. आणि कोविडमधल्या शाळेवरून अंदाज बांधू नका. तेव्हा सगळेच घरी होते. आता बाकीचे शाळेत असतात आणि सोसायटीचं मैदान संध्याकाळी सहापर्यंत रिकामं असतं.

शाळेत मुलं त्रास देतात म्हणून काढायचंय.

आधी शाळेकडे लेखी तक्रार करा, पोच घ्या. वर्ग किंवा शाळा बदलून प्रश्न सुटतो का ते बघा. मूल फारच घाबरलेलं असेल तर काढा, त्यात कमीपणा नाही. पण त्रास देणारी मुलं फोनमध्येही असतात. शाळा सुटली आणि वर्गाचा व्हॉट्सअॅप ग्रुप तसाच राहिला, तर काही सुटलेलं नाही. समुपदेशकाची मदत घ्या आणि सहा महिन्यांनी पुन्हा विचार करू, अशी मुदत मुलासमोरच ठरवा.

मुलगी राज्य पातळीवर खेळते. तिच्यासाठी योग्य आहे ना?

वेळेच्या दृष्टीनं, हो. पण दोन गोष्टी हातच्या जातात. शालेय क्रीडा स्पर्धांना शाळेचं नाव लागतं, तो रस्ता बंद होतो आणि सगळी मदार संघटनेच्या स्पर्धांवर राहते. दुसरं, राज्य मंडळाच्या दहावी-बारावीत खेळाडूंना सवलतीचे गुण मिळतात, एलिमेंटरी-इंटरमिजिएट चित्रकला आणि शास्त्रीय कलांसाठीही वाढीव गुण असतात. मंडळ बदललं की तेही गेले. आधी मुख्याध्यापकांना भेटा. खेळाडू मुलीला हजेरीत सांभाळून घेणाऱ्या शाळा अजून बऱ्याच आहेत.

मुलगा मराठी माध्यमात आहे.

दहावीला एनआयओएसमध्ये मराठी माध्यम आहे, मराठी विषयही आहे. बारावीला मात्र इंग्रजी किंवा हिंदीची तयारी ठेवा. खासगी ऑनलाइन शाळा तर जवळजवळ सगळ्या इंग्रजीतच. एकाच वेळी शाळा, मंडळ आणि भाषा तिन्ही बदलणं मला पटत नाही. सतरा नंबर बघा.

दहावीत दोन विषय गेलेत. आता एनआयओएस?

आधी जुलैची पुरवणी परीक्षा द्या. एक-दोन विषय राहिले असतील तर एटीकेटीनं अकरावीलाही बसता येतं. तरीही एनआयओएसकडे यायचं असेल, तर उत्तीर्ण झालेल्या जास्तीत जास्त दोन विषयांचे गुण इकडे वळवता येतात.

मुंबईतली एक मुलगी दहावी-बारावी न करताच एमआयटीत गेली ना?

मालविका जोशी, २०१६ मध्ये. ती सातवीनंतर शाळेत गेली नाही. आंतरराष्ट्रीय संगणक ऑलिम्पियाडमधली तीन पदकं तिच्या हातात होती. बारावीची गुणपत्रिका नसल्यानं आयआयटीचं दार तिला बंद होतं, हा याच बातमीतला दुसरा भाग. तिच्या आईनं नोकरी सोडून घरचा अभ्यासक्रम आखला होता, हा तिसरा. पालक बहुतेक वेळा पहिलाच भाग मला पाठवतात.

दाखला काढताना काय जपायचं?

शाळा सोडल्याचा मूळ दाखला पुढे जमा करावा लागतो. जमा करण्याआधी त्याच्या चार-पाच साक्षांकित प्रती करून घ्या, आणि जनरल रजिस्टरचा, म्हणजे शाळेच्या नोंदवहीचा, उताराही मागा. जात पडताळणीला जन्मठिकाण आणि जातीची नोंद दाखवायला हाच कागद लागतो. एरवी अकरावी-बारावीत कॉलेजच पडताळणीच्या अर्जाला पत्र देतं. तुमच्या पाठीशी ते कॉलेज नसेल, म्हणून अभ्यासकेंद्राकडून बोनाफाईड मिळेल का हे प्रवेशाआधीच विचारा. शिष्यवृत्ती आणि एसटीच्या पासाचंही तसंच.

अर्जात नाव भरताना आधार, जन्मदाखला आणि दाखला समोर ठेवा. राज्य मंडळाची सवय आडनाव आधी लिहिण्याची, आधारवर ते शेवटी. आईचं नाव कुठे आहे, वडिलांच्या नावाची स्पेलिंग कुठली, एक अक्षर इकडचं तिकडे झालं तरी गुणपत्रिकेवर तेच छापून येतं. मग ते दुरुस्त करायला पुण्याच्या विभागीय कार्यालयात प्रतिज्ञापत्र घेऊन जावं लागतं. निकालाबरोबर स्थलांतर प्रमाणपत्रही मिळतं, ते अभ्यासकेंद्रातून मागून घ्या. कपाटात पडून राहिलेली प्रमाणपत्रं कोणी आपणहून पाठवत नाही.